निवळीचे मोल

या वर्षीच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे अशी चिटणीस मंडळींची सूचना आली, तेव्हा आम्ही बाजार समितीचा उपकर, वस्तू व सेवा कर किंवा डाळींच्या साठ्यावरील मर्यादा यांपैकी कशावर तरी लिहू, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर दरवर्षी लिहिले जाते आणि पुढेही लिहिले जाईल. आम्ही मात्र यंदा दुधाच्या निवळीवर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. आमचा धंदा धान्याच्या घाऊक विक्रीचा व शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. असे असता दुधाच्या रसायनशास्त्रात आम्ही का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या प्रश्नातील रसायनाचा भाग शास्त्रज्ञांनी केव्हाच सोडविला आहे. जो भाग शिल्लक आहे तो व्यापाऱ्याचा आहे.

आपल्या धान्याच्या पेठेतीलच एक उदाहरण प्रथम घेऊ. भात गिरणीत तांदळाला पॉलिश करताना जो कोंडा निघतो, त्याला एके काळी गुरांच्या आंबोणापलीकडे किंमत नव्हती. त्यात पंधरा ते वीस टक्क्यांच्या घरात तेल असते हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. परंतु कोंडा गिरणीतून बाहेर पडल्यावर काही तासांतच त्यातील तेल खवट होऊ लागते. त्यामुळे तो ताजा असतानाच गोळा करून तेलाच्या कारखान्यापर्यंत पोहोचविणे, किंवा उष्णता देऊन टिकाऊ करणे अवश्य होते. ज्या भागात ही व्यवस्था बसली, तेथे कोंड्याला भाव आला. आज त्याचे तेल घरोघरी खाल्ले जाते. तेल तर पूर्वीपासूनच होते. नव्हती ती गोळा करणारी, पारखणारी आणि वेळेवर पोहोचती करणारी माणसे. डाळीच्या चुणीची आणि तेलबियांच्या पेंडीची कथाही फारशी निराळी नाही. निवळी हा दुधाच्या धंद्यातील कोंडा आहे, एवढे ध्यानी घेतले म्हणजे पुढील विवेचन सोपे होईल.

निवळी म्हणजे काय, हे आपल्या घरातील स्त्रियांना सांगावयास नको. दही फडक्यात बांधून चक्का केला की खाली जे हिरवट-पिवळे पाणी साठते, किंवा दूध नासवून पनीर केले की जे पाणी उरते, ती निवळी. जुन्या घरांतून ती कधी फेकली जात नसे. तिच्यात कणीक मळली जाई, ती कढीत किंवा आमटीत पडे, उरलीसुरली गुरांपुढे जाई. घरात वाटीभर निघणारी वस्तू अशी सहज जिरून जाते. परंतु कारखान्यात तीच हजारो लिटरने निघू लागली म्हणजे प्रश्न उभा राहतो. दहा लिटर दुधाचे चीज केले तर साधारण एक किलो चीज मिळते आणि नऊ लिटरच्या आसपास निवळी उरते. पनीर व चक्का यांचे प्रमाण थोडे निराळे, तरी दुधाचा मोठा हिस्सा तेथेही पाण्याच्या रूपानेच बाहेर पडतो. भारताचे दुधाचे उत्पादन 2023-24 साली सुमारे 23.9 कोटी टन होते व ते जगात सर्वाधिक आहे. त्यातील लहानसा अंश जरी पनीर व श्रीखंडाकडे वळला, तरी निवळीचे पाट वाहतील हे उघड आहे.

आता या पाण्यात असते काय, ते पाहू. गाईच्या एक लिटर दुधात सुमारे 1.2 ग्रॅम कॅल्शियम असते. म्हशीच्या दुधात त्याहून अधिक. यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश भाग फॉस्फेटशी संयोग पावून केसीन या प्रथिनाच्या सूक्ष्म कणांत बसलेला असतो. वासराच्या हाडांची वाढ व्हावी एवढा चुना दुधात मावतो, तो निसर्गाच्या या युक्तीमुळेच. साध्या पाण्यात तो इतका विरघळला नसता. दुधाला रेनेट लावून चीज केले तर हा क्षार बव्हंशी चीजमध्येच राहतो. परंतु दूध आंबले, म्हणजे त्याचे दही झाले, की आंबटपणामुळे केसीनमधील कॅल्शियम फॉस्फेट सुटून पाण्यात उतरते. म्हणून चक्क्याच्या निवळीत चीजच्या निवळीपेक्षा कितीतरी अधिक, लिटरमागे एक ग्रॅमच्या घरात किंवा त्याहून जास्त कॅल्शियम सापडते. पनीरची निवळी या दोहोंच्या मधली. श्रीखंड घट्ट व्हावे म्हणून आपण जे पाणी टाकून देतो, त्यातच दुधाचा चुना निघून जातो, ही गोष्ट आम्हांस प्रथम कळली तेव्हा मोठे नवल वाटले.

हा क्षार पाण्यातून परत मिळविण्याची रीत वाटते तितकी अवघड नाही. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, हे पोरासोरांना माहीत असते. कॅल्शियम फॉस्फेटचा स्वभाव याच्या उलट आहे; पाणी तापले की त्याची विद्राव्यता घटते. जड पाणी उकळून उकळून भांड्याच्या बुडाला जसा पांढरा थर बसतो, तसाच थर दूध आटविण्याच्या यंत्रांतही बसतो, आणि यंत्रवाल्यांना तो खरवडून धुवावा लागतो. जो क्षार नकळत यंत्राला चिकटतो, तोच मुद्दाम आणि एका ठिकाणी खाली बसवावयाचा, ही या कृतीमागील कल्पना होय. प्रथम निवळी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून गाळून तिच्यातील प्रथिने वेगळी काढतात. उरलेल्या पाण्यात दुग्धशर्करा व क्षार राहतात. त्यात कॉस्टिक सोडा किंवा चुन्याची निवळ घालून आंबटपणा मारतात आणि ते तापवितात. त्याबरोबर कॅल्शियम फॉस्फेटचा बारीक साका तयार होतो. दुधातून साय काढणाऱ्या यंत्राच्या जातीच्या, वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून तो साका वेगळा करतात, पाण्याने धुऊन त्यातील साखर काढून टाकतात, वाळवितात आणि दळतात. हाती येते ती पांढरी भुकटी. तिच्यात साधारण चौथा हिस्सा कॅल्शियम असते व त्याच्या निम्म्याच्या आसपास फॉस्फरस. हे प्रमाण हाडांतील प्रमाणाशी मिळतेजुळते आहे.

हा काही प्रयोगशाळेतील खेळ नव्हे. आयर्लंडमधील ग्लानबिया कंपनीचे ‘ट्रूकॅल’, डेन्मार्कच्या आर्ला कंपनीचे ‘कॅपोलॅक’ आणि न्यूझीलंडच्या फॉन्टेरा संस्थेचे ‘अलामिन’ या नावांनी दुधाचे क्षार बाजारात विकले जातात, आणि ते पौष्टिक पेयांत, बिस्किटांत व गोळ्यांत पडतात. यातील आणखी एक मर्म व्यापाऱ्याच्या चटकन ध्यानी येईल. क्षार आधीच काढून घेतला म्हणजे उरलेले पाणी आटविताना यंत्रावर थर कमी बसतो आणि दुग्धशर्कराही अधिक शुद्ध मिळते. म्हणजे हा माल विकून जेवढे मिळते त्याखेरीज दुसऱ्या मालाचा खर्चही कमी होतो. धान्यातून खडे निवडले की खड्यांना भाव मिळत नाही, पण धान्याचा भाव वाढतो. येथे तर खड्यालाही भाव आहे.

याउलट आपल्याकडे काय घडते? मोठ्या दूध संस्था निवळीची भुकटी करतात किंवा पेये काढतात. त्यांचा प्रश्न येथे नाही. परंतु गावोगावी पनीर करणारे जे लहान कारखानदार आहेत, त्यांतील अनेकांची निवळी सरळ गटारात जाते. पाण्यातील घाण कुजताना किती प्राणवायू खाईल, यावरून सांडपाण्याची पारख करतात. शहरातील सांडपाण्यात हा आकडा लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. निवळीत तो तीस ते पन्नास हजारांपर्यंत जातो. नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यासाठी आपल्या देशातील सर्वसाधारण मर्यादा आहे अवघी तीस मिलिग्रॅम! निवळी नाल्यात पडली की पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे व इतर जलचर गुदमरून मरतात, आणि नाल्याकाठच्या विहिरींना वास येऊ लागतो. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालणाऱ्या समाजाने आपल्या ताटातील पनीर व श्रीखंडापायी नाल्यात काय घडते, याचा विचार करू नये हे शोभत नाही.

परंतु या विषयाकडे आमचे लक्ष प्रथम गेले ते नाल्यामुळे नव्हे, तर औषधाच्या एका गोळीमुळे. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सारे आक्का म्हणतो, त्यांना काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. हा चुना कशापासून काढला, असे त्यांनी विचारले. औषधवाल्यास सांगता येईना. आम्ही बनविणाऱ्या कंपनीस पत्र लिहिले. बऱ्याच दिवसांनी उत्तर आले, ते एवढेच की आमचा माल नियमानुसार आहे. तेव्हा आक्का म्हणाल्या, “अरे, तांदळाचे पोते आले की तू आधी गाव विचारतोस. मग या गोळीचे गाव कोण विचारणार?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

खरी वस्तुस्थिती अशी आहे की बाजारातील कॅल्शियमला अनेक गावे आहेत. चुनखडीपासून काढलेले कॅल्शियम कार्बोनेट हे खनिज आहे. त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. तेच कार्बोनेट समुद्रातील शिंपल्यांपासूनही काढतात. कॅल्शियम फॉस्फेट खडकापासून मिळते, तसेच हाडांपासूनही मिळते. जिलेटिन करणारे कारखाने हाडे सौम्य आम्लात भिजवितात. त्या आम्लात हाडांतील चुना उतरतो आणि त्यात चुनकळी मिसळली की डायकॅल्शियम फॉस्फेट तयार होते. ते पशुखाद्यात व कोंबड्यांच्या खाद्यात वापरले जाते. आपल्या मंडळातील जे सभासद पेंड, चुणी आणि खनिज मिश्रण विकतात, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. गवत खाणाऱ्या गुरांस मांस-हाडांची भुकटी चारल्याचा परिणाम किती भयंकर होतो, हे ब्रिटनमध्ये 1986 साली उघडकीस आलेल्या गाईंच्या मेंदूच्या रोगाने जगाला दाखविले आहे. तो प्रश्न केवळ धर्माचा नव्हता.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हिरवे चिन्ह असते, हे खरे. परंतु औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर ते लावण्याचे बंधन नाही. घटकांच्या यादीत 341 हा क्रमांक दिसला तर पदार्थ कॅल्शियम फॉस्फेट आहे एवढे कळते. तो कोणत्या मूळातून आला ते त्या क्रमांकावरून कळत नाही. हाडांच्या फॉस्फेटला 542 असा वेगळा आंतरराष्ट्रीय क्रमांक आहे, तो वाचकांनी लक्षात ठेवावा. दिल्ली उच्च न्यायालयाने 2021 साली असा आदेश दिला की खाद्यपदार्थांतील प्रत्येक घटक वनस्पतिजन्य आहे की प्राणिजन्य, हे ग्राहकास स्पष्ट सांगितले पाहिजे. हा आदेश योग्यच होता. तथापि कायद्याची कलमे वाचून ग्राहक विश्वास ठेवीत नसतो. तो ज्याच्या दुकानात पिढ्यान् पिढ्या येतो त्या व्यापाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. तो शब्द देता यावा म्हणून मूळ ठाऊक असलेला माल आपल्याजवळ असला पाहिजे. चक्क्याच्या व पनीरच्या निवळीतील कॅल्शियम हा असा माल आहे. परदेशी चीजच्या निवळीतील क्षाराबाबत, चीज करताना वासराच्या जठरातील रेनेट वापरले होते की सूक्ष्मजीवांपासून केलेले, हे विचारावे लागते. चक्क्याच्या निवळीबाबत तो प्रश्नच उद्भवत नाही.

यावर काही आक्षेप येतील, व ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप किंमतीचा. चुनखडीचे कॅल्शियम इतके स्वस्त आहे की निवळीच्या क्षाराला त्याच्याशी भावात बरोबरी करता येणार नाही. हे आम्ही मान्य करतो. म्हणून निवळीचा क्षार गुरांच्या खाद्यात घालण्याच्या गोष्टी करू नयेत. तेथे खडकातील फॉस्फेटच योग्य. निवळीचा क्षार हा माणसाच्या आहारातील, चव व बारीकपणा यांसाठी चार पैसे जास्त मिळणारा माल आहे. शिवाय त्याला एकट्याला धंदा पेलावयास लावू नये. समजा, दिवसाला पन्नास हजार लिटर आंबट निवळी गोळा झाली. लिटरमागे एक ग्रॅम कॅल्शियम धरले तर पन्नास किलो होते. त्यातील दोनतृतीयांश हाती लागले, तर भुकटी सुमारे एकशेतीस किलो मिळेल. त्याच निवळीत दीड-दोनशे किलो प्रथिने आणि दोन टनांच्या आसपास दुग्धशर्करा असते. म्हणजे घर उभे राहावयाचे ते तिघांच्या खांद्यावर. केवळ क्षारासाठी कारखाना काढणारा बुडेल, आणि क्षार सोडून देणारा नफ्यातील वाटा गमावील.

दुसरा आक्षेप तांत्रिक. अनेक पनीरवाले दूध नासविण्यासाठी सायट्रिक आम्ल वापरतात. हे आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते आणि खाली बसू देत नाही. याला उपाय आहे. आदल्या दिवशीच्या आंबवलेल्या निवळीनेच दूध नासविण्याची जुनी पद्धत आहे, ती वापरली तर ही अडचण बरीच टळते. तिसरी अडचण निवळीच्या नासण्याची. कोंड्याप्रमाणेच तीही थांबत नाही; लगेच थंड केली नाही तर काही तासांत बिघडते. म्हणून ती दूरवर वाहून नेता येत नाही. जेथे पाच-पंचवीस किलोमीटरच्या टापूत अनेक पनीरवाले व श्रीखंडवाले आहेत, तेथेच हा उद्योग जमेल.

चौथा आक्षेप आपल्याच घरांतील तरुण मुलेमुली घेतात. दुधाच्या धंद्यात आज गाईम्हशींचे व विशेषतः त्यांच्या नर वासरांचे जे हाल होतात ते पाहता दूधच सोडावे, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्हांस या मुलांविषयी आदर वाटतो, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. ज्यांना दूध नको त्यांना आम्ही धान्यवाले नाचणी देऊ. तिच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 साली एक हजार मिलिग्रॅम ठरविली आहे. परंतु जोवर समाजातील बहुसंख्य घरांत दूध, दही व पनीर येत आहे, तोवर त्या जनावराकडून जे घेतले त्याचा थेंबही वाया न घालविणे हे किमान कर्तव्य आहे. घ्यावयाचे ते घ्यावयाचे, आणि वर त्यातील निम्म्याहून अधिक गटारात ओतावयाचे, याला कोणत्याच विचाराचा आधार मिळणार नाही.

मग आपल्या मंडळाने करावे काय? आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, आपले जे सभासद पौष्टिक पदार्थ, गोळ्या, पशुखाद्य व खनिज मिश्रण विकतात, त्यांनी पुरवठादाराकडून कॅल्शियमचा उगम लेखी मागावा. एका दुकानदाराच्या पत्राला कंपनी दोन ओळींत वाटेला लावते, परंतु मंडळाच्या शिक्क्यानिशी शंभर दुकानांचे एकच पत्र गेले तर तिला उत्तर द्यावेच लागेल. दुसरी, बेळगाव व परिसरातील पनीर, चक्का व श्रीखंड करणाऱ्यांची, आणि त्यांच्याकडे रोज किती निवळी निघते याची यादी करावी. धान्याचा सौदा वानगी पाहिल्यावाचून होत नाही. येथेही आधी वानगी हवी. ठिकठिकाणच्या निवळीचे नमुने घेऊन त्यांतील क्षारांचे प्रमाण तपासून घ्यावे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेचे केंद्र बंगळूरला आहे आणि मध्यवर्ती अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हैसूरला आहे; या दोन्ही ठिकाणी सल्ला मागता येईल. तिसरी सूचना, आकडे अनुकूल आले तरच, सभासदांनी भाग घेऊन सामायिक केंद्र काढण्याचा विचार करावा. प्रतिकूल आले तर निदान ती निवळी पशुपालकांकडे पोहोचविण्याची व्यवस्था करावी. आकड्यांवाचून उत्साह आणि उत्साहावाचून आकडे, दोन्ही व्यापारात निरुपयोगी.

यात मोठा नफा आहे असे सांगून आम्ही कोणास भुलवू इच्छीत नाही. या कामाला भांडवल लागेल, धीर लागेल, आणि पहिली काही वर्षे वहीत नावेची बाजूच भरलेली दिसेल. परंतु तराजू हाती धरणाऱ्याने केवळ वजन करून थांबावयाचे नसते. माल आला कोठून आणि उरला तो गेला कोठे, हेही त्याला सांगता आले पाहिजे. पहिल्या दोन सूचनांना फारसा खर्च नाही. येत्या वार्षिक सभेपुढे निदान त्या दोन ठराव म्हणून याव्यात, आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत आमच्यासारख्याच्या लेखाऐवजी नमुन्यांच्या तपासणीचा तक्ता छापला जावा, एवढीच सर्व व्यापारी बंधुभगिनींना आमची विनंती आहे.